बस्टर नोंदवही : नऊ संकलन केंद्रं, चौदा सर्व्हर

१२ मार्च २०२४

मोजदाद संपली. दूध संघाच्या नऊ संकलन केंद्रांवर एकेक आणि मुख्य कार्यालयात पाच, असे चौदा सर्व्हर. सगळे डेबियन १० वर. डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली, आणि तिच्या दहाव्या आवृत्तीचं नाव बस्टर. बस्टर ६ जुलै २०१९ ला आलं आणि त्याचा दीर्घकालीन सुरक्षा आधार ३० जून २०२४ ला संपतोय. हातात ११० दिवस आहेत.

नवी सहकारी परवाच रुजू झाली आहे, तिच्यासाठी केंद्रावरच्या सर्व्हरचं काम लिहून ठेवते. उत्पादक कॅन घेऊन येतो. काट्यावर वजन होतं, नमुना फॅट मशीनमध्ये जातो. मशीन सिरियल पोर्टवरून एक ओळ पाठवतं. पायथन २.७ या संगणकभाषेत लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, ती ओळ वाचते, दर तक्त्यातून भाव काढते, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंद करते आणि पावती छापते. सकाळी साडेपाच ते आठ, संध्याकाळी पुन्हा तेवढाच वेळ. दर दहा दिवसांनी याच नोंदींवरून बिल निघतं. त्या बिलावर किराणा, पेंडीची उधारी आणि पोरांची फी चालते. ही स्क्रिप्ट लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला.

१५ मार्च

लेखा विभागातल्या काकांनी विचारलं, "डेबियन फुकट आहे ना? मग मुदत कसली संपते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर नीट लिहून ठेवते, कारण हाच प्रश्न वरच्या बैठकीतही येणार.

डेबियनची आवृत्ती एकदा स्थिर म्हणून जाहीर झाली की तिच्यातली पॅकेजं, म्हणजे एकेक सॉफ्टवेअरचे गठ्ठे, गोठतात. नव्या सोयी येत नाहीत, फक्त सुरक्षेतली भोकं बुजवली जातात. पहिली तीन वर्षं हे काम डेबियनची सुरक्षा चमू करते. पुढची दोन वर्षं वेगळी चमू करते, तिला एलटीएस म्हणतात. ही व्यवस्था २०१४ मध्ये डेबियन ६ पासून, म्हणजे स्क्वीझपासून सुरू झाली. त्या चमूत राबणाऱ्या बहुतेकांना त्या कामाचे पैसे मिळतात. फ्रेक्सियन ही फ्रान्समधली कंपनी वेगवेगळ्या संस्थांकडून प्रायोजकत्व गोळा करते आणि त्यातून डेबियनच्या कार्यकर्त्यांचे तास विकत घेते. पाच वर्षं झाली की डेबियन प्रकल्प त्या आवृत्तीतून हात काढून घेतो. त्यानंतर तीच कंपनी आणखी पाच वर्षांचा विस्तारित आधार विकते. २०१८ मध्ये व्हीझीपासून, म्हणजे डेबियन ७ पासून, हे सुरू झालं. बस्टरसाठी हा आधार ३० जून २०२९ पर्यंत आहे. तो डेबियनचा अधिकृत भाग नाही, सरळ व्यापारी सेवा आहे.

म्हणजे फुकट आहे ते सॉफ्टवेअर. पाच वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये आज सापडलेलं भोक बुजवायला जो माणूस बसतो, त्याचा वेळ फुकट नाही आणि तो फुकट असावा असं मला वाटतही नाही.

२ एप्रिल

दुसरा मार्ग तपासला : आधार विकत घ्यायचाच नाही, सगळं नव्या आवृत्तीवर न्यायचं. डेबियनमध्ये उडी मारता येत नाही. १० वरून ११, ११ वरून १२, असं पायरीपायरीने जावं लागतं. पोस्टग्रेस ११ चं १३ होतं, मग १५. पीएचपी या वेबसाठीच्या भाषेत ७.३ चं ७.४ होतं, मग ८.२. हे सगळं कटकटीचं, पण ओळखीचं काम आहे.

अडलं फॅट मशीनपाशी. डेबियन ११ मध्ये पायथन २ साठीचं सिरियल पोर्टचं पॅकेजच नाही, त्यामुळे स्क्रिप्ट पायथन ३ वर न्यावीच लागणार. सहकारीने दुपारी रूपांतर केलं, स्क्रिप्ट चालली, एकही चूक दिसली नाही. मग गोदामातलं सुटं मशीन आणून आम्ही तीन नमुने टाकले. पहिल्याचं फॅट ४.१, दुसऱ्याचं ३.६, तिसऱ्याचं ६.४. पावत्या तीन निघाल्या आणि तिन्हींवर एकच आकडा : ०.०.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. मशीन प्रत्येक ओळ ताऱ्याच्या खुणेने सुरू करतं आणि स्क्रिप्ट पहिलं अक्षर तारा आहे का ते बघते. पायथन २ मध्ये पोर्टवरून आलेली गोष्ट अक्षरांची माळ असते. पायथन ३ मध्ये ती बाइटांची माळ असते, तिचा पहिला घटक म्हणजे ४२ हा आकडा. आकडा कधीच अक्षराएवढा होत नाही. तुलना खोटी ठरते, पण चूक म्हणून काही ओरडत नाही. ओळ ओळखता आली नाही की मागचं वाचन धरायचं, अशी सोय मूळ लेखकाने केली होती. प्रयोगशाळेत मागचं वाचन शून्य होतं म्हणून आम्हाला दिसलं. चालू केंद्रावर एका म्हशीचं फॅट पुढच्या माणसाच्या गाईला लागलं असतं आणि दहा दिवसांनी बिल निघेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता.

आज ठरवलं : केंद्रांची स्क्रिप्ट घाईने बदलायची नाही.

१९ एप्रिल

इतर वाटा, म्हणजे दुसऱ्या लिनक्स प्रणाली, पाहिल्या. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षं मिळतात, प्रो वर्गणी घेतली की दहा, आणि याच मार्चमध्ये त्यांनी त्यावर आणखी दोन वर्षांचा पर्याय जाहीर केला. रेड हॅटचा आधार भक्कम आहे. पण दोन्हीकडे जायचं तर केंद्रांवरचं सगळं मुळापासून उभं करावं लागेल, आणि अडचण आहे ती नेमकी तीच.

सेंटओएसची, म्हणजे रेड हॅटच्याच फुकट मिळणाऱ्या रूपाची, आठवण निघाली. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार म्हणून कितीतरी लोकांनी त्यावर संसार मांडला होता. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. मागे राहिलेल्या सेंटओएस ७ ची मुदत संपतेय ३० जून २०२४ ला, बस्टरच्याच दिवशी. फुकट मिळणारा आधार कोण, कशासाठी आणि कोणाच्या पैशावर देतो, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

६ मे

बैठक. माझा प्रस्ताव असा होता : कार्यालयातले पाच सर्व्हर आम्ही स्वतः जुलैअखेर डेबियन १२ वर नेतो, त्यांच्यासाठी एक पैसाही नको. केंद्रांवरच्या नऊ सर्व्हरसाठी विस्तारित आधार घ्यायचा, तोही आधी एकच वर्ष. त्या वर्षात स्क्रिप्ट नीट बदलायची.

अध्यक्षांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "फुकटच्या वस्तूला वर्गणी कशाला?" मी विचारलं, "साहेब, बल्क कूलर आपल्या मालकीचे आहेत, तरी त्यांचं एएमसी आपण का भरतो?" ते म्हणाले, "दूध नासू नये म्हणून." पुढे फार बोलावं लागलं नाही.

सहकारीचा आक्षेप मात्र नोंदवते, कारण तो अर्धा खरा आहे. तिचं म्हणणं, विकत घेतलेली सवड माणसाला सुस्त करते, एका वर्षाची पाच वर्षं होतात, आणि २०२९ साली आपण इथेच असू. म्हणून ठरावात तारीख घालून घेतली : ३० जून २०२५ पर्यंत निम्म्याहून जास्त केंद्रं हलली नाहीत, तर मी लेखी कारण द्यायचं.

२१ मे

विस्तारित आधार सगळ्या डेबियनला मिळत नाही. आपण कोणती पॅकेजं वापरतो ती यादी पाठवायची, प्रायोजकांनी मागितलेली पॅकेजंच सांभाळली जातात आणि वर्गणीही त्यावर ठरते. बसवलेल्या पॅकेजांची मूळ नावं काढून, दुबार नावं गाळून यादी करायची, एका ओळीच्या आज्ञेचं काम. पहिल्या केंद्राची यादी ६१२ नावांची निघाली. दूध मोजणाऱ्या सर्व्हरला ६१२?

वाचत गेलो तर दोन केंद्रांवर पूर्ण डेस्कटॉप होता, लिब्रेऑफिस होतं, छायाचित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर होतं. एका ठिकाणी मेल सर्व्हर चालू होता आणि तो कोणी बसवला ते कोणालाच आठवत नव्हतं. तीन दिवस काढत बसलो. यादी २४० वर आली. वर्गणीचे पैसे वाचले हे आहेच, पण मला जास्त समाधान वेगळ्या गोष्टीचं आहे : पाच वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक नाव वाचून हे आपल्याला का हवं, याचं उत्तर देता आलं.

३ जून

आठवडा कागदांत गेला. बिल युरोत, पैसे फ्रान्सला. परदेशी सेवेवर जीएसटी आपणच उलट पद्धतीने भरायचा. पैसे पाठवण्याआधी आयकराचा पंधरा-सीए हा फॉर्म, आणि त्यासाठी सीएकडून पंधरा-सीबी हे प्रमाणपत्र. दुहेरी कर टाळण्याचा करार लावायचा तर समोरच्या कंपनीचं तिथल्या रहिवासाचं प्रमाणपत्र. काकांनी सगळं न कंटाळता केलं. हे काम पुढे कोणाला करायचं असेल तर महिनाभर आधी सुरुवात करा.

२४ जून

आठ केंद्रांवर नवं भांडार, म्हणजे फ्रेक्सियनची दुरुस्त पॅकेजं जिथून उतरतात ती जागा, जोडलं : आधी त्यांच्या सहीची किल्ली, मग स्रोतांच्या यादीत एक ओळ, मग अद्ययावत करणं. वीस मिनिटांचं काम.

नववं केंद्र घाटावर आहे. तिथे भांडाराची यादी अजून वैध झालेली नाही, असं म्हणून एपीटीने, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या डेबियनच्या साधनाने, नकार दिला. यादी उद्याची असल्यासारखं ते बोलत होतं. घड्याळ पाहिलं तर सहा तास मागे. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला, वीज रोज जाणारी, आणि इंटरनेट ज्या डोंगलवरून येतं त्यावर वेळ जुळवणारा पोर्ट बंद. पावतीवरची तारीख केंद्रचालक हाताने निवडतात, म्हणून पावत्या बरोबर आणि आतल्या सगळ्या नोंदी चुकीच्या वेळेच्या. गावातल्या घड्याळवाल्याकडे सेल मिळाला. वेळ आता कार्यालयातल्या सर्व्हरवरून घेतली जाईल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली असावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात असं आहे. या केंद्रावर आपण ते पाळत नव्हतो, हे स्वच्छ लिहून ठेवते.

१ जुलै

बस्टरचा मोफत आधार काल संपला आणि आज दुपारी ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे सर्व्हरवर लांबून शिरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, मोठं भोक जाहीर झालं. त्याचा सीव्हीई, म्हणजे अशा भोकांना मिळणारा नोंदणी क्रमांक : सीव्हीई-२०२४-६३८७. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी शोधलं. पासवर्ड नसताना, लांबून, थेट रूटपर्यंत, म्हणजे यंत्राच्या पूर्ण ताब्यापर्यंत, पोचता येतं. ३२ बिटच्या यंत्रावर त्यांना चूक साधायला सरासरी दहा हजार प्रयत्न लागले, आणि रूटपर्यंत पोचायला सरासरी सहा ते आठ तास.

नऊही केंद्रांची आवृत्ती पाहिली : ७.९. भोक आहे ८.५ ते ९.७ मध्ये. हीच चूक २००६ मध्ये सापडून दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची फेरमांडणी करताना ती दुरुस्ती चुकून निघून गेली. आमचं जुनं बस्टर त्या बदलाच्या आधीचं, म्हणून सुरक्षित. धोक्यात होते ते कार्यालयातले दोन सर्व्हर, जे गेल्याच आठवड्यात हौसेने डेबियन १२ वर नेले होते. तिथे ९.२. डेबियनची दुरुस्ती आलेलीच होती, संध्याकाळच्या आत बसवली.

नवं म्हणजे सुरक्षित आणि जुनं म्हणजे धोक्याचं, हा हिशेब इतका सोपा नाही. जुन्या कोडवर अनेक वर्षं अनेकांची नजर फिरलेली असते. पण ती नजर पुढेही फिरत राहिली पाहिजे, आणि वर्गणी त्यासाठीच भरली आहे.

९ जुलै

सकाळी ६:४० ला दोन केंद्रांवर पोस्टग्रेस पुन्हा सुरू झालं आणि चार मिनिटं पावती थांबली. रांगेत चाळीस माणसं. चूक माझी. आपोआप अद्ययावत होण्याची डेबियनची मूळ वेळ सकाळी सहाची असते, त्यात पुढच्या तासाभरातला कुठलाही क्षण निवडला जातो. शहरातल्या कार्यालयाला ती वेळ निवांत, दुधाच्या धंद्यात ती भर बाजाराची. वेळ बदलून दुपारी एक केली. आधी एका केंद्रावर, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर.

८ ऑगस्ट

लेखापरीक्षण. तपासणीच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक केंद्राच्या अहवालात लाल ओळींचा ढीग टाकला. सगळ्यांचं मूळ एकच : त्याने ओपनएसएसएल या सांकेतिक संवादाच्या पॅकेजची आवृत्ती वाचली, १.१.१एन, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त झालेलं सगळं आमच्याकडे उघडं आहे असं मानलं.

परीक्षकांना शेजारी बसवून एक ओळ उलगडून दाखवली. आवृत्तीच्या शेपटीला डेब१०यू आणि पुढे आकडा असतो. १.१.१एन हे गोठलेलं शरीर आणि तो आकडा म्हणजे त्यावर किती वेळा टाके घातले ते. पॅकेजच्या बदलनोंदीत प्रत्येक टाक्याशी सीव्हीई क्रमांक लिहिलेला असतो. आम्ही अहवालातला क्रमांक घ्यायचा, बदलनोंदीत शोधायचा, सापडला की खूण करायची, असं करत बसलो. बहुतेक सगळे सापडले. उरलेले आम्ही वापरत नाही अशा भागांतले होते, तेही लिहून दिलं. परीक्षक शेवटी म्हणाले की हे असं कोणी दाखवत नाही, लोक घाबरून आवृत्तीच बदलतात.

बॅकपोर्टचं, म्हणजे नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुनीत आणण्याचं, हे काम बाहेरून दिसत नाही म्हणून त्याची किंमत कळत नाही. वरच्या आवृत्तीतली दुरुस्ती उचलून खाली चिकटवली असं होत नाही. मधल्या वर्षांत आजूबाजूचा कोड बदललेला असतो, फंक्शनची नावं वेगळी असतात, कधी ती फाइलच नसते. पोस्टग्रेस ११ चा मूळ प्रकल्पाकडून आधार ९ नोव्हेंबर २०२३ ला बंद झाला, म्हणजे यापुढे १२ किंवा त्यावरच्या आवृत्तीतला बदल वाचून, समजून ११ मध्ये बसवायचा, चाचण्या चालवायच्या, आणि वागणूक तसूभरही बदलू द्यायची नाही. जुन्या पैठणीला रफू करणाऱ्याचं हे काम आहे. धागा नवा असतो, वीण जुनीच राहावी लागते.

१० डिसेंबर

लिनक्स ४.१९ चा शेवटचा अंक ५ डिसेंबरला निघाला. बस्टरचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तेच. काळजीचं कारण नाही : लिनक्स फाउंडेशनखाली २०१६ पासून सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प चालतो, सीमेन्स, तोशिबा, हिताची त्यात आहेत. वीजकेंद्रं, रेल्वे, कारखाने यांची यंत्रं दहा-दहा वर्षं बदलत नाहीत म्हणून ते काही कर्नल दहा वर्षं जपतात. ४.१९ त्यातलं एक, २०२९ पर्यंत. घाटावरच्या दूध केंद्राला रेल्वेच्या सिग्नलसाठी केलेल्या कामाचा उपयोग होतो, हे मला फार आवडतं.

८ जानेवारी २०२५

नवी स्क्रिप्ट तयार. या खेपेला समांतर चाचणी. फॅट मशीनची पाठवणारी तार एकच, ती दोन संगणकांना ऐकायला जोडली. जुना सर्व्हर पावती छापतो, नवा फक्त लिहून ठेवतो. पूर्ण दहा दिवसांचं बिल दोन्हीकडे काढायचं आणि ताडून बघायचं.

१८ जानेवारी

ताडलं. तीन हजारांवर नोंदींत ३१ जुळत नाहीत. सगळीकडे नवीन आकडा एका पॉइंटने कमी : ४.३ ऐवजी ४.२, ६.३ ऐवजी ६.२. वाढलेला एकही नाही.

सहकारीने त्या ३१ नोंदींची मूळ वाचनं काढली आणि एका कागदावर एकाखाली एक लिहिली. ४.२५. ६.२५. ३.२५. ५.२५. सगळी पावावरची. मशीन दोन दशांश देतं, दर तक्ता एका दशांशाचा आहे. बरोबर मध्यावरचा आकडा पायथन २ नेहमी वरच्या अंकाकडे ढकलतो. पायथन ३ जवळच्या सम अंकाकडे ढकलतो, म्हणून ४.२५ चे ४.२ होतात. ४.७५ चे मात्र दोन्हींत ४.८, कारण ८ समच आहे. इतर आकडे द्विमान पद्धतीत नेमके मध्यावर बसतच नाहीत, त्यांना फरक पडत नाही. फक्त पाव.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने नवी पद्धत जास्त न्यायाची असेल. पण उत्पादकाशी झालेला व्यवहार असा आहे की मध्यावरचं माप त्याच्या बाजूने जातं. तो मोडण्याचा अधिकार एका भाषेच्या नव्या आवृत्तीला नाही आणि मला तर नाहीच. दशांश पद्धतीने हिशेब करून मध्याचा आकडा वरच जाईल असं लिहिलं.

गेल्या एप्रिलमध्ये तो ०.० दिसला नसता, बाइटांची चूक दुरुस्त करून जूनअखेरच्या घाईत आम्ही हेच बसवलं असतं, तर हे ३१ कोणी शोधले असते?

१ फेब्रुवारी

दुसरी दहा दिवसांची फेरी. फरक शून्य.

२६ जून

नऊपैकी सहा केंद्रं डेबियन १२ वर. लेखी कारण द्यावं लागलं नाही. उरलेल्या तीन केंद्रांसाठी आधाराचं नूतनीकरण केलं, यादी आणखी आखडून १८८ पॅकेजांची. काकांनी पंधरा-सीएचा नमुना गेल्या वर्षीच जपून ठेवला होता.

११ ऑगस्ट

परवा, ९ तारखेला डेबियन १३ आलं. सहकारी लगेच चाचणीसाठी बसवायला निघाली होती. तिला म्हटलं, बसव, पण केंद्रांवर नाही. १२ ला जून २०२८ पर्यंत एलटीएस आहे, आपल्याला घाई नाही.

२३ सप्टेंबर

घाटावरचं केंद्र हलवलं. हे नववं, शेवटचं. संध्याकाळचं संकलन संपल्यावर सुरुवात केली, रात्री साडेदहाला संपलं, पहाटे पहिल्या कॅनला आम्ही दोघी हजर होतो. सगळ्यांत आधी आलेल्या बाबांनी पावती दिव्याखाली धरून वाचली, खिशातून कालची काढली, दोन्ही शेजारी धरल्या.

"अक्षर बदललंय," ते म्हणाले.

छपाईचा फॉन्ट नव्या आवृत्तीत वेगळा आहे, ते खरंच. फॅट विचारलं, तर म्हणाले, "ते बरोबर आहे."

फॉन्ट आज दुपारी जुना करून दिला.